मंडळीच्या कमिटीवर पहिल्यांदाच आलेल्यांसाठी

वार्षिक सभेत कोणीतरी तुमचं नाव सुचवलं, मागच्या बाकावरून कोणीतरी अनुमोदन दिलं, आणि चहा-बिस्किटं संपायच्या आत तुम्ही मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, कमिटीवर आलात. पुढच्या रविवारी जुन्या सेक्रेटरींनी एक फुगलेली फाइल आणि कपाटाची किल्ली हातात ठेवली. पुढे काय करायचं ते मात्र कोणी सांगितलं नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

ऐरोलीच्या बाजूला एका मराठी मंडळीत मी सहा वर्षं खजिनदार होते, नंतर सेक्रेटरी झाले. आता कुठल्याच पदावर नाही, तरी नवीन निवडून आलेले लोक घरी येऊन विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. एक गोष्ट मला फार उशिरा कळली. शिकवण बिघडायला सुरुवात पुलपिटवर, म्हणजे संदेश देण्याच्या व्यासपीठावर, होत नाही. आधी हिशोब विचारणं बंद होतं, मग पुढाऱ्यांना प्रश्न विचारणं बंद होतं, आणि त्यानंतर पुलपिटवरून काहीही सांगितलं तरी चालतं. म्हणून पैशांची वही आणि पवित्र शास्त्र या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका.

पहिलं काम: आपली मंडळी कशी घडली ते समजून घ्या

ठाण्याशी ख्रिस्ती नाव फार आधीपासून जोडलेलं आहे. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी इथेच मारले गेले. मासुंदा तलावाकाठचं सेंट जॉन द बाप्टिस्ट कॅथलिक परंपरेचं, आणि १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी प्रतिष्ठा केलेलं सेंट जेम्स अँग्लिकन परंपरेचं. पण आज ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ, पनवेल इथल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये बसलेली बहुतेक कुटुंबं नगर, श्रीरामपूर, संगमनेर, जालना, सोलापूर, मिरज या बाजूंनी नोकरीसाठी आलेली आहेत. नगरकडच्यांचं मूळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये आहे. ते मिशन १८१३ साली मुंबईत आलं आणि १८३१ मध्ये नगरला पोचलं. या मिशनची पद्धत काँग्रिगेशनल होती, म्हणजे निर्णय मंडळीने घ्यायचा.

मग १९७० उजाडलं. त्या मार्चमध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली आणि २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सी.एन.आय., अस्तित्वात आली. बिशपांची सत्ता मानणारे अँग्लिकन आणि मंडळीची सत्ता मानणारे काँग्रिगेशनल एका छपराखाली आले. पन्नासहून अधिक वर्षं झाली, तरी आमच्या सभांमध्ये एक आजोबा उठून म्हणतात, ‘मंडळीने ठरवायचं’, आणि दुसरे म्हणतात, ‘डायोसिसला (बिशपांच्या प्रांताला) विचारल्याशिवाय चालणार नाही’. नवीन सभासदाला हा दोघांमधला हेकटपणा वाटतो. खरं तर दोघंही आपापल्या आजोबांची शिकवण बोलत असतात. हे ओळखलं की निम्मी भांडणं रागावल्याशिवाय ऐकता येतात.

तुमची मंडळी मेथडिस्ट असेल तर तिथेही बिशप आहेत. बाप्टिस्ट किंवा अलायन्स असेल तर स्थानिक मंडळीचं वजन जास्त. स्वतंत्र पेंटेकोस्टल संगती असेल तर ती बहुधा एका पास्टरांनी घरच्या प्रार्थनासभेतून उभी केलेली असते, आणि ट्रस्टवर त्यांच्याच कुटुंबाची नावं असतात. कॅथलिक पॅरिशमध्ये आर्थिक समिती असणं कॅनन कायद्यानेच सक्तीचं आहे, पण धर्मगुरूंना दिलेला सल्ला हा सल्लाच राहतो.

म्हणून पहिल्याच आठवड्यात मंडळीची घटना किंवा ट्रस्ट डीड मागून घ्या आणि पेन्सिल घेऊन वाचा. तीन गोष्टींवर खूण करा: पाळकांना (पास्टरांना) कोण नेमतं आणि कोण बदलू शकतं, बँकेच्या खात्यावर कोणाच्या सह्या चालतात, आणि सर्वसाधारण सभा कोण बोलावतं व तिला किती सभासद लागतात. ‘घटना सापडत नाही’ असं उत्तर आलं तर तेच तुमचं पहिलं काम. ट्रस्ट नोंदलेला असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून नक्कल मिळते. इथे एक घोळ हमखास होतो. दिघा-ऐरोली ते बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. आपली नोंद कुठे आहे ते बघूनच अर्ज करा, नाहीतर दोन रजा फुकट जातात.

तीन महिने फक्त बघा

लगेच सुधारणा करायला जाऊ नका. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पुढाऱ्याबद्दल लिहिलं तेव्हा ‘नवशिका नसावा’ ही अट घातली. तुम्ही विश्वासात जुने असाल, पण या खुर्चीवर नवशिकेच आहात. पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय आणि तीताला लिहिलेल्या पत्राचा पहिला अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचा. वक्तृत्वाचा, पदवीचा, ओळखीपाळखीचा शब्दही तिथे नाही. कौशल्य म्हणावं असं एकच, शिकवता येणं. बाकी सगळं स्वभावाचं आहे: द्रव्यलोभी नसणं, भांडखोर नसणं, घर नीट चालवणं, बाहेरच्या लोकांनीही चांगलं म्हणणं. बाहेरचे लोक म्हणजे तुमच्या सोसायटीतले शेजारी, ऑफिसातले सहकारी. त्यांचं मत मंडळीच्या सभेत कोणी विचारत नाही, पण पौल विचारतो.

या तीन महिन्यांत घरभेटी करा. आमच्या मंडळ्यांमध्ये खरी फूट सिद्धांतावरून क्वचितच पडते. ती गावकी आणि भावकीवरून पडते. नगरवाले एका बाजूला, जालनावाले दुसऱ्या बाजूला. दोन घराण्यांमधला जुना सोयरिकीचा राग निवडणुकीत बाहेर येतो. जातीची आठवणही पुसलेली नसते, नुसती बोलली जात नाही. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय वाचा. ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. मंडळीने सात माणसं निवडली, आणि सातही नावं ग्रीक आहेत. वाटणीचं काम तक्रार करणाऱ्यांच्याच माणसांच्या हाती दिलं गेलं. आमच्याकडे एका वर्षी हे करून पाहिलं. नाताळच्या खर्चावरून सर्वांत जास्त कुरकुर करणाऱ्या गटातल्या दोघांना खर्च समितीवर घेतलं. कुरकुर संपली नाही, पण ती पार्किंगमध्ये न होता बैठकीत होऊ लागली.

पैसे

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इथेच मी स्वतः चुकले होते.

खजिनदार झाले तेव्हा अर्पण मी एकटीच मोजायची. थैली घरी न्यायची, रात्री मोजायची, सोमवारी बँकेत भरायची. एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नाही. पण दोन वर्षांनी कोणीतरी संशय घेतला आणि माझ्याजवळ दाखवायला माझ्या शब्दाशिवाय काहीच नव्हतं. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी मदत गोळा केली तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला दुसरा भाऊ सोबत घेतला, आणि कारणही सांगितलं: प्रभूपुढेच नव्हे, माणसांपुढेही जे योग्य तेच दिसावं. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय. पौलाला साक्षीदार लागला, तर मला का नको?

तेव्हा हे लगेच सुरू करा. अर्पण उपासना संपल्याबरोबर तिथेच मोजायचं. मोजणारे दोघं, एकमेकांचे नातेवाईक नसलेले. आकडा नोंदवहीत, दोघांच्या सह्या, आणि पैसे पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत. त्यातूनच परस्पर खर्च भागवायचा नाही. खर्चासाठी वेगळं व्हाउचर. धनादेशावर दोन सह्या, आणि कोऱ्या धनादेशावर आगाऊ सही करून ठेवायची नाही, कितीही विश्वास असला तरी. क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचा हवा. पाळकांच्या किंवा त्यांच्या मुलाच्या मोबाइल नंबरवर गूगल पे मागितलं जात असेल तर ते थांबवा, प्रेमाने पण त्याच महिन्यात. पैसे कोणाचे, हा प्रश्नच उद्भवू नये, आणि यात पाळकांचंही रक्षण आहे.

पाळकांचं मानधन ठरलेलं असावं आणि वेळेवर मिळावं. हा मुद्दा आपण विसरतो. ज्या पाळकाला घरभाडं भरायची चिंता आहे त्याला पैसेवाल्या सभासदाला नाराज करणारं वचन सांगणं अवघड जातं. शिकवण शुद्ध हवी असेल तर शिकवणाऱ्याला मिंधं ठेवू नका.

ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असेल तर ३१ मार्चला हिशोब बंद करून ऑडिट करून घ्यावं लागतं, आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. तुम्ही निवडून आलात तोच एक बदल असू शकतो. अनेक मंडळ्यांत वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव कागदावर अजून विश्वस्त म्हणून असतं, आणि भांडण कोर्टात गेलं की तोच कागद बोलतो.

परदेशी पैशांबाबत सावध राहा. दुबईत नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या भावाने बँकेतून पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. पण तोच भाऊ अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर धरली जाते, आणि त्यासाठी एफ.सी.आर.ए. (परदेशी देणगीविषयक कायद्याखालची) नोंदणी लागते. ती असली तरी पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. ‘कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर मागवू’ अशी सूचना आली तर इतिवृत्तात आपला विरोध नोंदवा.

पुलपिट

मी सेक्रेटरी असताना उपवास-प्रार्थनेच्या तीन दिवसांच्या सभांसाठी वक्ता हवा होता. एका तरुणाने मोबाइलवर एका उपदेशकाचे व्हिडिओ दाखवले. आवाज खणखणीत, वचनं तोंडपाठ. मी फोन करून तारीख घेतली. हा माणूस कोणत्या मंडळीचा, कोणाला उत्तर देतो, काही विचारलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी त्याने सांगितलं, जो आज पेरील त्याला वर्षाच्या आत शंभरपट मिळेल. घणसोलीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आमच्या एका मावशींनी हातातल्या दोन बांगड्या काढून थैलीत टाकल्या. त्यांच्या मुलाची नोकरी गेली होती. वर्ष संपलं, नोकरी लागली नाही, आणि मावशी उपासनेला यायच्या थांबल्या. मी घरी गेले तेव्हा म्हणाल्या, ‘ताई, माझाच विश्वास कमी पडला असणार.’

कमिटीने वर्गणी काढून बांगड्यांची किंमत त्यांना दिली. खूप विनवल्यावर त्यांनी घेतली. ते वाक्य मात्र परत घेता आलं नाही. चुकीच्या शिकवणीचं नुकसान असं असतं. पैसे जातात ते एक, पण देवाने आपल्याला टाकलं, आणि तेही आपल्याच दोषामुळे, असं माणसाला वाटायला लागतं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. बाहेरचा वक्ता बोलवायचा तर त्याच्या मंडळीच्या पाळकांशी किंवा मंडळीच्या वडिलांशी (एल्डरांशी) आधी बोलायचं. तो कोणाच्याच देखरेखीखाली नसेल तर बोलवायचं नाही. त्याचे पूर्ण लांबीचे दोन संदेश ऐकायचे. मिनिटभराच्या रील्स धरायच्या नाहीत. वेगळं अर्पण तो स्वतः मागणार नाही, मानधन मंडळी ठरवेल, हे आधीच सांगायचं. यावर जो रागावला तो आमच्यासाठी नव्हता.

आता शिकवण तपासायची कशी. संदेश ऐकताना वहीत तीन गोष्टी लिहा: कोणता भाग वाचला, त्या भागाच्या आधी आणि नंतर काय आहे, आणि वक्त्याने जे सांगितलं ते त्या भागातून निघतं की नुसतं त्याला टेकवलेलं आहे. बिरुयातल्या लोकांनी प्रत्यक्ष पौलाचं बोलणं रोज शास्त्रात ताडून पाहिलं, आणि त्यांची तारीफच झाली. आपल्या भागात पुन्हा पुन्हा कानावर येणाऱ्या काही शिकवणी सांगते.

पहिली दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग देणं) आणि आशीर्वादाची. मलाखी, तिसरा अध्याय, दहावं वचन. ते कोणत्या परिस्थितीत लिहिलं गेलं ते कळायला नहेम्याचा तेरावा अध्याय वाचा. लोकांनी दशांश देणं बंद केल्यामुळे लेवी मंदिराची सेवा सोडून शेतावर पोट भरायला गेले होते. धान्याचं भांडार सेवकांच्या भाकरीसाठी होतं. एका वक्त्याच्या गाडीसाठी ते वचन वापरणं म्हणजे त्याचा अर्थ उलटा करणं. दशांश द्यावा, मी देते. पण देवाशी केलेला सौदा म्हणून नाही.

दुसरी आजाराची. प्रार्थनेने देव बरं करतो असा माझा विश्वास आहे, आणि मी ते पाहिलं आहे. पण ‘गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास’ असं कोणी म्हटलं तर तिथल्या तिथे थांबवा. पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी सोडलं, तीमथ्याच्या पोटासाठी घरगुती उपाय सुचवला, आणि त्याच्या सोबतचा लूक वैद्य होता. क्षयरोगाचं औषध साधारण सहा महिने न चुकता घ्यावं लागतं. मधेच सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो आणि घरातल्यांनाही तोच लागतो. दिघा, कळवा, मुंब्र्याच्या चाळींत एका खोलीत सहा माणसं राहतात. तिथे अशी शिकवण जीव घेते. शुगर आणि बी.पी. वाल्यांनाही हेच सांगा: प्रार्थना करू, गोळी डॉक्टर सांगतील तेव्हा बंद करू.

तिसरी पिढीजात शापाची. लग्न जमत नाही, मूल होत नाही, कारण आजोबांनी मूर्तिपूजा केली होती, आणि ते बंधन तोडायला खास प्रार्थना, खास अर्पण. पहिल्या पिढीच्या विश्वासणाऱ्यांना हे पटकन पटतं, कारण देवऋष्याकडे आधी हेच ऐकलेलं असतं. यहेज्केल, अठरावा अध्याय त्यांच्यासोबत बसून सावकाश वाचा. बापाच्या पापाचा भार मुलावर नाही, हे तिथे उघड लिहिलंय.

चौथी देवपणाची. वाशी, नेरूळच्या स्टेशनाबाहेर किंवा दारावर येऊन कोणी म्हणतं की येशू निर्माण केलेला होता, किंवा पिता-पुत्र-आत्मा ही एकाच व्यक्तीची तीन नावं आहेत. तरुण मुलं यात अडकतात, कारण समोरचा वचनं भराभर काढून दाखवतो. हा वाद नवा नाही. एरियसने पुत्राला निर्मिती म्हटलं, आणि ३२५ साली निकियाच्या धर्मसभेने त्याला उत्तर दिलं. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला ते अधिक पूर्ण झालं. उपासनेत आपण जो मतांगीकार (विश्वासाची कबुली) म्हणतो त्यात ते उत्तर आहे. म्हणून तो घाईने पुटपुटू नका. वर्षातून एकदा एकेका ओळीवर संदेश द्यायला पाळकसाहेबांना विनंती करा.

आणि पाचवी, जिच्यामुळे बाकीच्या चारही टिकतात: ‘अभिषिक्ताला हात लावू नका.’ हे वचन एकशे पाचव्या स्तोत्रातलं आहे, आणि तिथे विषय अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या देशांत फिरत होते तेव्हा देवाने राजांना दिलेल्या ताकिदीचा आहे. पाळकांना प्रश्न विचारू नये असं तिथे काहीच नाही. दावीदाने अभिषिक्त राजा शौलावर तलवार उचलली नाही हे खरं, पण गुहेबाहेर उभं राहून सगळ्यांदेखत त्याला जाब विचारला. पौलाने अंत्युखियात केफाला (पेत्राला) तोंडावर सांगितलं की तू चुकतोयस. पुढाऱ्याचा मान राखणं आणि त्याला प्रश्न विचारणं हे एकाच माणसाने, एकाच वेळी करायचं असतं.

मात्र सगळ्याच मतभेदांना खोटी शिकवण म्हणू नका. आमच्याकडे कितीतरी कुटुंबं सकाळी सी.एन.आय.च्या उपासनेला आणि संध्याकाळी एखाद्या पेंटेकोस्टल संगतीत जातात. बाळांचा बाप्तिस्मा की मोठ्यांचा, अन्य भाषांत प्रार्थना करणं, ढोलकी की ऑर्गन, हात वर करायचे की नाही, यावर शास्त्र मानणारे लोक शतकानुशतकं वेगळं म्हणत आले आहेत. अशा कुटुंबांना सभेत टोमणे मारून बाहेर घालवू नका. ख्रिस्त कोण, तारण कशाने, शास्त्राचा अधिकार किती, इथे मात्र ताणून धरा.

पाळकसाहेबांचा एखादा मुद्दा खटकला तर रविवारी उपासनेनंतर दारात उभं राहून बोलू नका. दमलेल्या माणसाशी भांडण होतं, बोलणं होत नाही. मंगळवारी-बुधवारी जा, बायबल उघडून ‘हे वचन मला नीट समजलं नाही’ असं म्हणा. अपुल्लोसाची शिकवण अपुरी होती तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाने त्याला घरी नेऊन समजावलं. त्या जोडप्यातली बाई शिकवत होती, हेही आमच्या काही कमिट्यांनी लक्षात घ्यावं. माझा अनुभव असा की दहातल्या आठ वेळा पाळक ऐकतात, आणि दोनदा चूक आपलीच निघते.

पुढाऱ्यावर आरोप आला तर

तीमथ्याला पहिलं पत्र, पाचवा अध्याय. दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलांवरचा आरोप ऐकू नये. आणि पाप सिद्ध झालं तर सर्वांसमोर कानउघाडणी करावी. पहिला भाग पाळकांच्या बाजूचे लोक सांगतात, दुसरा भाग विरोधक. तुम्ही दोन्ही वाचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आरोप आला की तिथे एकच ओळ लिहा: लेखी द्या, कमिटी ऐकेल. मग खरंच ऐका, दोन्ही बाजू, आणि नोंद ठेवा. पाळकांच्या घरातल्या लोकांनी आणि तक्रारदाराच्या नातेवाइकांनी त्या बैठकीत बसू नये.

याला एक अपवाद आहे आणि तो कडक आहे. संडेस्कूलमध्ये, शिबिरात, किंवा कोणाच्या घरी मुलाचं लैंगिक शोषण झाल्याचं कळलं तर साक्षीदार शोधत, समेट घडवत बसायचं नाही. पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. ‘मंडळीची बदनामी होईल’ असं म्हणणाऱ्याला शांतपणे सांगा की लहानग्यांना अडखळवणाऱ्यासाठी येशूने गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवण्याची गोष्ट केली होती. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर संडेस्कूलच्या भिंतीवर लावा, आणि एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहणार नाही हा नियम आजच करा.

जमीन

ठाण्यातल्या जुन्या मिशनच्या जागांची किंमत आज किती झाली ते सांगायला नको. बिल्डर येतो, नवीन हॉल, लिफ्ट, पार्किंग दाखवतो, आणि कमिटीतल्या चौघांचे डोळे दिपतात. तुम्ही आधी कागद विचारा. जागा कोणाच्या नावावर आहे? पुष्कळदा ती स्थानिक मंडळीच्या नावावर नसतेच. डायोसिसच्या किंवा जुन्या मिशनच्या ट्रस्टच्या नावावर असते. सिडकोने दिलेला भूखंड असेल तर तो भाडेपट्ट्यावर असतो आणि त्याच्या अटी असतात. आणि सार्वजनिक ट्रस्टची जागा विकायची, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायची, तर विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. नंतर घेऊ म्हणणाऱ्याच्या कागदावर सही करू नका. सहीचा आग्रह जेवढा घाईचा, तेवढे दिवस तुम्ही जास्त घ्या.

पुढची पिढी

माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करणारा मुलगा रविवारी सकाळी झोपणार. त्याच्या धाकट्या बहिणीला मराठी समजतं, पण पवित्र शास्त्रातली मराठी वाचताना ती अडखळते. गाणी हिंदी, शाळा इंग्रजी. ही मुलं शिकवण यूट्यूबवरून घेणार, आपण दिली नाही तर. म्हणून कमिटीवर असेपर्यंत एकच नवीन गोष्ट करायची ठरवलीत तर दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) वर्ग नीट चालवा. पूर्वी तो पाठांतराचा होता. आता मुलांना प्रश्न विचारू द्या: दुःख का, दुसऱ्या धर्मातल्या मैत्रिणीचं काय, पास्टर चुकले तर काय. उत्तर येत नसेल तर पुढच्या आठवड्यात आणतो म्हणा, आणि आणा.

दोन-तीन तरुणांना, मुलींनाही, महिन्यातून एकदा छोटा संदेश द्यायला लावा आणि नंतर एखाद्या ज्येष्ठाने त्यांच्याशी त्यावर बोलावं. ज्याला ओढ दिसते त्याला पुढे शिकायला पाठवा. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे. फी मंडळीने वाटून घेतली तर दर घरामागे फार येत नाही. पौलाने तीमथ्याला सांगितलं होतं, ऐकलेलं विश्वासू माणसांना सोपव, आणि त्यांनी पुढे इतरांना शिकवावं. आपल्याकडे एकच माणूस तीस वर्षं सगळं करतो, आणि त्याच्या अंत्यविधीनंतर किल्ल्या कुठे आहेत हे कोणालाच माहीत नसतं.

किल्ल्या देताना

मुदत संपली की पुन्हा उभं राहायचं की नाही ते प्रार्थनेने ठरवा. पण सलग दोनदा झालं असेल तर एक मुदत थांबा. जाताना एक यादी करून नवीन सेक्रेटरीसमोर मोठ्याने वाचा: घटनेची प्रत, ट्रस्ट नोंदणीचा दाखला, बदल अहवालांच्या पोचपावत्या, पाच वर्षांचं ऑडिट, इतिवृत्ताची वही, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरं, सभासदांची यादी, बँकेचं पासबुक, भाडेकरार, विजेच्या मीटरचा ग्राहक क्रमांक. प्रभुभोजनाचा प्याला आणि ताटली मोजून द्या. विवाहाचं रजिस्टर पानापानाने तपासा. एखाद्या मुलीला पासपोर्टसाठी दाखला लागतो तेव्हा राहिलेली सही शोधायला जुने पाळक कुठल्या गावी गेले ते हुडकावं लागतं. यादीच्या दोन प्रती, दोन्हींवर दोघांच्या सह्या. एक कपाटात, एक तुमच्या घरी. मग किल्ली द्या, आणि पुढच्या रविवारी मागच्या बाकावर बसा.